पाच नंबरच्या गाड्यांचे पडदे

बाई,

आधी काय काय आलं ते सांगते, म्हणजे पुढचं नीट लागेल. पाण्यानं न भिजणाऱ्या, हाताला जरा मेणचट लागणाऱ्या निळ्या कापडाचे तीन तागे. त्याच रंगाच्या नायलॉन दोऱ्याची बारा रिळं. पितळी कड्यांची एक पिशवी, मोजून तीनशे छत्तीस. आणि एक कागद, त्यावर पडद्याची लांबीरुंदी मिलिमीटरमध्ये. हे सगळं चाकणच्या शेडमधून टेम्पोनं आमच्या सोसायटीच्या दारात आलं, त्याचा मला एक रुपया पडला नाही. माझ्या पैशानं आणलेली वस्तू एकच होती, पांढऱ्या सुती दोऱ्याची रीळ, पंचवीस रुपये, आणि तीही या कामासाठी आणलेली नव्हती. या गोष्टीला काही वर्षं होऊन गेली. उद्या विहारात पुन्हा परित्राणपाठ आहे, दोरा आणायचं काम पुन्हा माझ्याकडे आलंय, म्हणून मागचा भाव बघायला जुनी वही काढली, तर हेच पान उघडलं. म्हटलं, बाईंना सांगायचं राहूनच गेलं. तुम्हाला जाऊन तीस वर्षं उलटली, तरी काही गोष्टी मला आधी तुम्हालाच सांगाव्याशा वाटतात.

पडदे रुग्णवाहिकांचे होते. चाकणच्या त्या शेडमध्ये कंपनीतून कोऱ्या गाड्या येतात, आत नुसता पत्रा. तिथं त्यांत स्ट्रेचर बसतं, ऑक्सिजनची नळकांडी बसतात, नातेवाइकांना बसायला बाक बसतो, आणि सगळ्यांत शेवटी पडदे लागतात. हे पडद्यांचं काम आमच्या बचत गटाला मिळालं होतं. आम्ही आठ जणी, सगळ्या पिंपरी-चिंचवडच्या, एक तेवढी चाकणजवळच्या गावची, जुन्या शेतकरी घरातली. तिला आम्ही सगळ्या वहिनी म्हणतो. कापड द्यायला शेडचे मालक स्वतः आले होते. म्हणाले, "ताई, या वेळी शिलाई जरा बघून घाला. या गाड्या इथं राहायच्या नाहीत. नेपाळला चालल्यात. आपल्या देशाची भेट आहे त्यांना."

वहिनी म्हणाली, "भेट? म्हंजी फुकाट? आन् आमच्या गावच्या दवाखान्याची गाडी टायराबिगर उभी हाय, ती न्हाई व्हय दिसत कुणाला?"

सगळ्या हसल्या, मालकही हसले. मग त्यांनी उभ्या उभ्या समजावून सांगितलं. तिकडे राजा गेला, लोकांनी नवी घटना केली, आता देशाचे सात प्रांत झालेत. प्रत्येक प्रांताचं आपापलं सरकार आणि सगळ्यांचं मिळून वर एक. संघराज्य. शेजाऱ्यांकडे एवढी मोठी गोष्ट घडली म्हणून आपण प्रत्येक प्रांताला तीन तीन गाड्या देतोय. एकवीस गाड्या, चौऱ्याऐंशी पडदे. "प्रांतांची नावंसुद्धा अजून ठरायची आहेत," ते म्हणाले, "सध्या नुसते नंबर. एक ते सात."

बाई, माझ्या हातात कड्यांची पिशवी होती ती तशीच राहिली. संघराज्य हा शब्द मी दहावीच्या पेपरात लिहिला त्यानंतर कुणाच्या तोंडून ऐकलाच नव्हता. घरात तो कशाला लागतो? दूध, वीजबिल, सोसायटीचा मेंटेनन्स, यात तो कुठं येत नाही. आणि आज तो माझ्या दारात टेम्पोतून उतरला होता, निळ्या ताग्यांबरोबर.

तुमचा तो तास मला समोर दिसतो. महापालिकेच्या शाळेचा वरचा मजला आहे, पत्र्याखाली उकडतंय, खालच्या रस्त्यावर पहिल्या शिफ्टच्या बस सुटल्याचा आवाज येतोय. नागरिकशास्त्र आणि शिवण हे दोन्ही विषय तुमच्याकडेच, त्यामुळे तुमच्या साडीच्या पदराला एखादी टाचणी कायम अडकलेली. तुम्ही म्हणता, आजपासून या वर्गाच्या चार रांगा म्हणजे चार राज्यं. आपापली मुख्य निवडा, आपापल्या खिडक्या आपण पुसा, भांडणं आपापली आपण मिटवा. फळा मात्र सगळ्यांचा. आम्हाला काय, खेळच मिळाला. मग तुम्ही खडू वाटता. पेटीत सगळे तुकडेच निघतात, एकच खडू अख्खा, तो नेमका चौथ्या रांगेला जातो, म्हणजे आमच्या. तर मधल्या सुट्टीपर्यंत बाकीच्या तीन रांगा आमच्याशी बोलायला तयार नाहीत! तिसऱ्या रांगेतली एक तर रडायला लागली. तुम्ही ओरडला नाहीत. आमच्या रांगेपाशी आलात, तो अख्खा खडू घेतलात आणि टेबलाच्या कडेवर कट्कन मोडलात. "हं, आता व्याख्या लिहा." मी व्याख्या लिहिली, पाठही केली. पण खडूचा तो आवाज का ठेवलात आमच्या कानात, ते काही त्या वयात समजलं नाही.

पडदे शिवायला बसले ती रोज सकाळची वंदना झाल्यावर, हात धुऊन. हे माझ्याकडे बघून म्हणायचे, "काय गं, राष्ट्रपती भवनाचे पडदे घेतलेस का शिवायला?" हे आयुष्यभर कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेस शॉपमध्ये राबले, त्यांना यंत्रावर पाय मारणाऱ्या माणसाची गंमत वाटते. मी म्हटलं, "त्याहून मोठं आहे." आणि खरंच तसंच वाटत होतं. शेजारी बाळ जन्मलं की आपल्याकडे बाळंतविडा जातो ना, झबलं, टोपडं, दुपटं, तसंच मला ते निळं कापड वाटायला लागलं. सात लेकरं, अजून बारसंही न झालेली. एवढा मोठा आपला देश, तो शेजाऱ्याच्या दारात हातात काहीतरी घेऊन जायला निघालाय आणि ते काहीतरी माझ्या सुईखालून जातंय. यंत्राचा पाय थांबवून मी कधी कधी नुसती बघत बसायची. अंगावर काटा यायचा, बाई. चिंचवडच्या एका खोलीत, कुकरच्या शिट्टीच्या आवाजात.

प्रत्येक गाडीचे चार पडदे वेगळे बांधायचे होते आणि गठ्ठ्यावर प्रांताचा नंबर लिहायचा होता. आमच्या सोसायटीचे वॉचमन नेपाळचे. मी सहज विचारलं, "भैया, लुंबिनी किस नंबर में आता है?" ते म्हणाले, "पाँच नंबर, आंटी." एवढंच. पण त्या दिवसापासून पाच नंबरचा गठ्ठा माझ्यासाठी वेगळा झाला, त्याची शिलाई मी माझ्याकडेच ठेवली. तथागत जिथं जन्मले त्या मातीवर आपण शिवलेला पडदा हलणार. माझे वडील पिंपरीच्या कंपनीत मजुरी करत आले, आईनं दुसऱ्यांची भांडी घासली, त्यांना त्या गावाचं नाव तेवढं माहीत होतं, भिंतीवरच्या तसबिरीखाली लिहिलेलं. आणि माझ्या हाताची शिलाई तिथं जाणार.

त्याच महिन्यात विहारात परित्राणपाठ झाला होता. पाठ चालू असताना पांढरा दोरा सगळ्यांच्या हातांतून फिरवतात, आणि पाठ संपला की त्याचे तुकडे करून मनगटांना बांधतात. ती रीळ मी आणली होती. सगळ्यांना बांधून थोडा दोरा उरला, भंतेजी म्हणाले, "ताई, तुम्ही आणलात, तुम्हीच न्या." उरलेलं वाया घालवायचं नाही ही माझी सवय तुम्हाला माहीत आहे. शिवणाच्या वर्गात मी चिंध्यासुद्धा घरी न्यायची. घरी मोजला तर एकेका वितीचे बारा तुकडे होत होते. पाच नंबरच्या तीन गाड्या, पडदे बारा. बाई, तुम्हीच सांगा, मला तो इशारा वाटला नसता तरच नवल. मी प्रत्येक तुकड्याला तीन गाठी मारल्या, बुद्ध, धम्म, संघ, आणि एकेक तुकडा एकेका पडद्याच्या खालच्या दुमडीत ठेवून वरून टीप मारली. बाहेरून काही दिसत नव्हतं. कुणाला बोलले नाही. यांनाही नाही. वहीत तेवढं लिहून ठेवलं: पाच नंबर, बारा.

तेव्हा तुम्ही आठवायला हव्या होतात. शिवणाच्या परीक्षेत मी परकर दिला होता, वरून अगदी देखणा. तुम्ही तो हातात घेतलात, वरची बाजू बघितलीही नाहीत, झटकन उलटा केलात. आत दोऱ्यांचा गुंता. "हे लपवायला दुमड घातलीस का?" एवढंच बोललात आणि परकर सगळ्या वर्गासमोर उसवायला लावलात. मी त्या दिवशी घरी जेवले नव्हते. पण दोरे दुमडीत घालताना, खरं सांगते, तुम्ही आठवला नाहीत.

गाड्या निघायच्या दिवशी आम्हा सगळ्यांना पडदे लावायला चाकणला बोलावलं होतं. दुपारी कार्यक्रम होता, दोन्ही देशांचे अधिकारी येणार होते, मांडव घातलेला. सकाळी भोसरी, मोशी करत आमची बस पोचली, तर शेडमध्ये एकवीस गाड्या पांढऱ्याशुभ्र, एका रेषेत उभ्या. वहिनी आधीच येऊन बसली होती. मला म्हणाली, "ये गं. बघ की, नवऱ्या मुली उभ्या केल्यात जणू. एवढ्या जणींची पाठवणी करायची म्हंजी डोळ्याला पाणी येनारच."

तिकडचे एक साहेब गाड्या ताब्यात घ्यायला आले होते. पन्नाशीचे, अंगानं बारीक, डोक्यावर त्यांच्याकडची रंगीत टोपी. ते प्रत्येक गाडीत चढत होते, स्ट्रेचर स्वतः ओढून बघत होते, एकदा तर त्यावर आडवेही झाले. बरोबर शेडच्या क्वालिटीच्या मॅडम, आमच्या लेकीच्या वयाच्या, हातात यादी. अजून न लावलेले गठ्ठे टेबलावर होते. मॅडमनी एक पडदा उचलला, कडेवरून बोटं फिरवली, आणि थांबल्या. पुन्हा फिरवली. "इथं काहीतरी लागतंय." छोट्या कात्रीनं त्यांनी दोन टाके तोडले आणि माझा पांढरा दोरा, तीन गाठींचा, ओढून बाहेर काढला.

दुसऱ्या पडद्यात तेच. मालक धावत आले. चेहरा उतरलेला. "हे काय आहे? कुणी घातलं?" मॅडम म्हणाल्या, "सर, बाहेरची वस्तू आहे आत. असा माल मी पास करू शकत नाही. लॉट थांबवावा लागेल." तीन वाजता गाड्यांना झेंडा दाखवायचा, घड्याळात साडेअकरा.

वहिनी म्हणाली, "अवं, येवढ्याशा दोऱ्यापायी दोन देशांचं काम अडतंय व्हय? ऱ्हाऊ द्या की आत. खातोय का तो कुनाला?"

मालक म्हणाले, "वहिनी, गप्प बसा. उद्यापासून काम बंद होईल सगळ्यांचं."

काम बंद होईल. आमच्यातल्या दोघींची घरं त्या कामावर चालत होती. मी सात जणींच्या तोंडाकडे बघितलं. त्यांच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं काय झालंय, आणि तरी त्या कुणीही एकमेकींकडे बोट दाखवत नव्हत्या. पण मला त्याहून मोठी भीती वाटत होती. एक देश दुसऱ्या देशाच्या दारात भेट घेऊन निघालेला, आणि मध्ये माझा वीतभर दोरा. आपल्याबद्दल काय म्हणतील ते? काहीतरी करणी पाठवली म्हणतील? मी पुढे झाले. म्हटलं, "मी घातलाय."

मालक काही बोलायच्या आत ते टोपीवाले साहेब जवळ आले. त्यांनी दोरा तळहातावर घेतला, जपून, जसा आपण दुसऱ्याचा दागिना घेतो. "दीदी, यह क्या है?"

माझं हिंदी तुम्हाला माहीत आहे. मी म्हटलं, "साहेब, वो पाठ का दोरा है. आजारी माणूस को अच्छा होने के लिए. खराब नहीं है कुछ. आपका नया देश हुआ ना, तो हमारे में छोटे बच्चे को भेजते है कुछ, वैसा..."

ते हसले. "देश तो पुराना है, दीदी. बहुत पुराना. बस घर की रचना नई हुई है."

मी मान खाली घातली. मग त्यांनी विचारलं, "सब गाड़ियों में है?"

"नहीं साहेब. सिरफ पाच नंबर में. उधर भगवान का गाव है ना."

त्यांनी टोपी जरा मागे सारली आणि अगदी घरातल्यासारखं, तक्रार करावी तसं म्हणाले, "पर दीदी, मैं तो सात नंबर का हूँ. हमारे मरीज़ों ने आपका क्या बिगाड़ा है?"

बाया फस्सकन हसल्या. मॅडमही हसल्या. मालकांना हसावं की नाही ते कळेना. मला हसू आलं नाही. तुमच्या टेबलाच्या कडेवर मोडलेला खडू मला तिथं, चाकणच्या शेडमध्ये, ऐकू आला.

साहेब मग सावकाश बोलले. म्हणाले, आमच्याकडे अजून सगळं ओलं आहे. कुणाच्या वाट्याला नदी आली, कुणाच्या डोंगर, कुणाला कचेरी, कुणाला रस्ता, सगळ्यांचं सगळ्यांकडे लक्ष आहे. या गाड्या एकसारख्या आहेत म्हणून सगळीकडे एकच गोष्ट सांगता येईल, की शेजाऱ्यानं सातही घरांना सारखं धरलं. एका घराच्या गाडीत आशीर्वाद निघाला आणि सहांच्या नाही, तर? मालक मध्येच म्हणाले, "साहेब, कौन देखता है? सिल के भेज देते है." साहेब शांतपणे म्हणाले, "मैंने देख लिया ना." आणि माझ्याकडे वळून, "आपने प्यार से किया, मुझे पता है. अब आप ही बताइए, क्या करें."

म्हणजे निर्णय माझ्यावर सोडला त्यांनी. एवढा मोठा अधिकारी, आणि पडदे शिवणाऱ्या बाईला विचारतोय, काय करायचं.

तुम्हाला तुमचं स्वयंपाकघर आठवतं का? चिंचवड गावठाणातलं, खाली फरशी, वर फळीवर पितळी डबे. मी दहावी पास झाल्याचे पेढे घेऊन आले होते. तुम्ही मला ओटीवर न बसवता थेट आत बोलावलंत. तुमच्या सासूबाईंनी चहा केला. तुम्हा सगळ्यांना चहा रोजच्या कपांत, कानांचे टवके उडालेल्या, आणि मला सोनेरी काठाच्या नव्याकोऱ्या काचेच्या कपात. मी हरखून गेले होते. एवढा सुंदर कप माझ्या हातात कधी आला नव्हता. तुम्ही उठलात, माझ्या हातातला कप काढून घेतलात, चहा तुमच्या कपासारख्याच एका टवक्याच्या कपात ओतलात, आणि सोनेरी कप धुऊन वरच्या फळीवर ठेवून दिलात. सासूबाई काहीतरी म्हणाल्या, तुम्ही म्हणालात, "या घरात सगळ्यांना एकच कप." मला तुमचा इतका राग आला होता! घरी येऊन आईजवळ रडले, "बाईंनी चांगला कप काढून घेतला." आई परातीत पीठ मळत होती. तिचे हात थांबले. म्हणाली, "त्या बाईंना विसरू नको." मला त्यातलं काही कळलं नाही. आमच्यासारख्यांना वेगळा कप का देतात ते कळलं तेव्हा मी दोन लेकरांची आई झाले होते, आणि तुम्ही नव्हतात. तुमच्या शेवटच्या आजारपणात मला बातमीच कळली नाही, हे आजही डाचतं.

पण कळलं होतं ते अर्धंच, बाई. उरलेलं अर्धं त्या दिवशी शेडमध्ये कळलं. तुमच्या सासूबाईंच्या मनात काय होतं मला माहीत नाही. कदाचित निव्वळ मायाही असेल, पोरगी पास झाली म्हणून. माझ्या मनात तर मायाच होती. तरी मी सहा घरांना टवक्याचे कप दिले होते आणि एका घराला सोनेरी. भंतेजींनी दोरा बांधताना कुणाचं गाव विचारलं नव्हतं. पाठात सगळ्या जीवांचं भलं मागितलं होतं आणि मी त्यातून पाच नंबरापुरतं कापून घेतलं होतं.

मी म्हटलं, "साहेब, निकालती हूँ."

बाहेर निघालेले दोन्ही दोरे साहेबांनी माझ्या हातात दिले, मग आम्ही बारा पडदे घेऊन बसलो. मी उसवायची, वहिनी शेडमधल्या यंत्रावर पुन्हा टीप मारायची, बाकीच्या कड्या ओवायच्या. साहेब गेले नाहीत. एक खोकं उलटं घालून तिथंच बसले, चहा प्यायले, वहिनीला विचारलं, हे यंत्र हाताचं की विजेचं बरं. वहिनी त्यांना म्हणाली, "तुमच्याकडं बायका शिवतात का?" तिनं मराठीतच विचारलं, त्यांना कळलंही. म्हणाले, माझी बायको शिवते. वहिनी म्हणाली, "मग एक झबलं तिच्याकडून आमच्या नातवाला. भेटीला भेट. हिशेब फिटला." ते इतके हसले की चहा सांडला. मी उसवत होते आणि बघत होते, एक माणूस, त्याच्यामागे केवढे पर्वत, केवढी भांडणं, केवढी नवी स्वप्नं, आणि तो खोक्यावर बसून आमच्याबरोबर दोऱ्यांच्या कचऱ्यात चहा पितोय. आपल्या पुस्तकात शेजारी राष्ट्रांशी मैत्री असा धडा होता. त्यात करार होते, परिषदा होत्या. हे नव्हतं.

मॅडम घाईत होत्या. शिवून झालेले पडदे त्या बाकीच्यांत टाकत गेल्या, "सगळे सारखेच आहेत, कुठलेही कुठेही लावा" म्हणत. गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या निघाल्या. शेवटचा पडदा वहिनीकडून आला, तोही गेला. मग मॅडमनी यादीवर पेन टेकवलं आणि मला विचारलं, "मावशी, किती होते?"

"बारा."

"सगळे निघाले?"

"निघाले," मी म्हटलं. त्यांनी सही केली.

तीन वाजता मांडवात दोन झेंडे होते. आपलं राष्ट्रगीत झालं, मग त्यांचं. त्यातला एक शब्द मला कळला नाही, पण सगळ्या उभ्या होतो, वहिनीनं पदर डोक्यावर घेतला होता, आणि त्या साहेबांचे ओठ हलत होते, आवाज न करता. त्यांच्या गीताला माझ्या डोळ्यांत पाणी का यावं, सांगता येत नाही. मग गाड्या निघाल्या. एकेक करून फाटकातून बाहेर, नाशिकच्या रस्त्याला, उत्तरेकडे. खिडक्यांतून निळे पडदे. पाच नंबरच्या तीन गाड्या कुठल्या ते मी शोधत होते, मला वाटलं होतं माझ्या मला कळतील. कळल्या नाहीत. पहिली, सातवी, एकविसावी, सगळ्या तशाच. कुठली कुणाच्या दारात थांबणार, आत कोण आडवं होणार, कुठल्या धर्माचं, कुठल्या बोलीचं, काही ओळखू येत नव्हतं. एवढी मोठी गोष्ट मी माझ्या आयुष्यात दुसरी बघितली नाही, बाई. ती बघताना मला हात जोडायचंसुद्धा सुचलं नाही.

घरी येऊन रुमालाची गाठ सोडली. काढलेले दोरे त्यात ठेवले होते. शेडमध्ये मोजले होते तेव्हा अकरा होते. घरी पुन्हा मोजले, अकरा. पिशवी झटकली, पदर झटकला. अकराच. एक कुठल्या तरी पडद्यात राहिला असेल, नाहीतर शेडच्या केरात गेला असेल. पडद्यात असेल, तर तो पडदा कुठल्या नंबरला गेला ते आता कुणालाच माहीत नाही.

मॅडमनी विचारलं तेव्हा दोरे माझ्या मुठीत होते, आणि एक कमी आहे हे मला माहीत होतं. सांगितलं असतं तर चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी पडदे उलटे करावे लागले असते, गाड्या त्या दिवशी निघाल्या नसत्या, मालकांनी काम काढून घेतलं असतं. हे सगळं खरं आहे. पण मी गप्प बसले ते त्यासाठीच, असं तुम्हाला लिहिता येत नाही. एक तरी जाऊ दे, असंही मनात आलं होतं. रोज सकाळी खोटं न बोलण्याचं शील घेते, आणि त्या दिवशी वहीत लिहिलं, बारा घातले, बारा काढले. इतक्या वर्षांच्या वह्यांत तेवढी एक ओळ खोटी आहे. तिच्याबद्दल वाईट वाटायला हवं हे मला कळतं, पण वाटत नाही. तो दोरा पाच नंबरला गेला नसावा, त्या साहेबांच्या सात नंबरला गेला असावा, असंच आपलं वाटत राहतं.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. गावठाणात तुमचं घर होतं तिथं आता सात मजले आहेत, खाली मोबाईलचं दुकान. म्हणून ते याच पानात घडी करून ठेवते. ओळ खोडू की तशीच राहू देऊ, तेवढं मात्र उलट टपाली कळवा.